गिरणीवाल्या काकांची काच चाकावर का फुटली

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे एक काच माझ्याच हातून फुटली. ती का फुटली हे शोधताना, काचेचं भिंग मजबूत कसं करतात हे मला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागलं. काचेची भिंगं आता कमी झाली आहेत, पण संपलेली नाहीत. जुन्या गिऱ्हाइकांच्या नाकावर ती अजून आहेत आणि फ्रेम बदलायला म्हणून ती कुठल्याही दुकानात येऊ शकतात. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवते आहे.

काका तासगाव भागातले, साठी ओलांडलेले, पिठाची गिरणी चालवणारे. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस साडेतीन, डाव्याचा सव्वातीन. मुलगा मुंबईला होता तेव्हा, सात-आठ वर्षांपूर्वी, तिकडेच कुठेतरी चष्मा करून घेतलेला. मोटारसायकल घसरली आणि फ्रेमची एक काडी तुटली, रिम वाकली. भिंगांना मात्र ओरखडाही नव्हता. "ताई, काचा झकास हायत, नुसती फ्रेम तेवढी बदला," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी आधी त्यांना फायबर सुचवलं. बाजारात आपण प्लास्टिकच्या भिंगाला फायबर म्हणतो. वजन जवळपास निम्मं होतं, नाकावर वळ पडत नाहीत. चष्म्याच्या साध्या काचेची घनता २.५४, तर नेहमीच्या फायबरची १.३२. काकांनी हात जोडले. फायबर त्यांनी एकदा वापरून पाहिलं होतं, सहा महिन्यांत त्यावर धुकं बसलं. गिरणीत दिवसभर पीठ उडतं, चष्मा दर अर्ध्या तासाने पुसावा लागतो आणि पुसायला हाताशी असतो तो शर्टाचा सोगा. पीठ मऊ असतं, पण त्यात दगडाची कणी असते, धान्याबरोबर आलेली माती असते. ती कापडात अडकते आणि भिंगावर घासली जाते. अशा ठिकाणी काच खरोखरच टिकते. तेव्हा त्यांचा हट्ट बिनबुडाचा नव्हता.

तशीच रिम काही मिळाली नाही. सर्वांत जवळची फ्रेम सापडली ती अर्धा मिलिमीटरने लहान. अर्धा मिलिमीटर म्हणजे आमच्या कामात काहीच नाही. भिंग चाकावर धरायचं, कडेने एक फेरा द्यायचा, की बसतं. मी उजवं भिंग घेतलं, पाणी सोडलं, चाक सुरू केलं. पहिला पाव फेरा नीट गेला. चाकावर काच घासताना एक ओला, सलग आवाज येतो, तो कानाला इतका सवयीचा असतो की ऐकूही येत नाही. तो अचानक चढला, मग टक् असा एकच आवाज झाला आणि बोटांमध्ये भिंग उरलंच नाही. ट्रेमध्ये तुकडे पडले होते, काही माझ्या मनगटावर उडाले होते. डोळ्यांवर माझा स्वतःचा चष्मा होता म्हणून पुढचं निभावलं.

काका काउंटरपाशी उभे राहून सगळं बघत होते. चूक माझी आहे, दोन्ही भिंगं माझ्या खर्चाने नवीन करून देते, असं मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "सात वर्षांत दोनदा फरशीवर पडल्यात ह्या काचा, तवा नाय फुटल्या." त्या वाक्याने मला जागं केलं. दोनदा फरशीवर पडून न फुटलेली काच चाकावर अर्धा मिलिमीटर घासताना फुटते, तेव्हा दोष काचेच्या दर्जात शोधायचा नसतो.

डावं भिंग अजून शाबूत होतं. दुकानात पोलॅरिस्कोप आहे: खाली दिवा, त्यावर पोलरॉइडची एक चकती आणि वर पहिलीशी काटकोनात फिरवलेली दुसरी चकती. दोन्ही मिळून प्रकाश अडवतात, मधे अंधार दिसतो. साधं भिंग मधे ठेवलं तरी तो अंधार तसाच राहतो. काकांचं डावं भिंग ठेवलं आणि अंधारात चार उजळ पाकळ्या उमटल्या, त्यांच्या मधून आडवा-उभा काळा क्रूस. भिंग उष्णतेने टफन, म्हणजे तापवून मजबूत, केलेलं आहे याची ही खूण. पाकळ्या दिसतात कारण काचेच्या आत ताण कोंडलेला असतो आणि त्या ताणातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलते, म्हणून तो वरच्या चकतीतून पार होतो. ही तपासणी मी चाकाला हात लावण्याआधी करायला हवी होती. त्याला अर्धं मिनिट लागतं. ज्यांच्याकडे पोलॅरिस्कोप नाही त्यांना एलसीडी मॉनिटरचा पांढरा पडदा आणि पोलराइज्ड गॉगलचं भिंग यांवरही काम भागवता येतं. गॉगलचं भिंग फिरवून पडदा काळा करायचा आणि मधे चष्म्याची काच धरायची.

आता त्या पाकळ्यांचा अर्थ. काच दाबाला फार दणकट असते, ओढीला मात्र कच्ची. तिच्या अणूंमधल्या बंधांचा हिशेब मांडला तर ओढीलाही ती कितीतरी पट बळकट असायला हवी, पण प्रत्यक्षात तशी नसते. याचं कारण ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली छापलेल्या निबंधात मांडलं: काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, ओढ बसली की सगळा जोर चिरेच्या टोकावर एकवटतो आणि चीर पळत सुटते. भिंगावर खडा आपटतो तेव्हा भिंग किंचित आत वाकतं. मागची बाजू ताणली जाते आणि बरेचदा फूट तिथूनच सुरू होते. मग करायचं काय? चिरा तर पूर्ण घालवता येत नाहीत. पण पृष्ठभाग कायमचा दाबून ठेवला तर चिरांची तोंडं मिटलेली राहतात. बाहेरून बसणाऱ्या ओढीला आधी तो दाब फेडावा लागतो, मगच चीर उघडू शकते. काच मजबूत करण्याच्या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी एवढंच आहे.

उष्णतेच्या पद्धतीत हा दाब कसा येतो, ते भट्टीपाशी उभं राहून पाहिलं की पटकन कळतं. घासून फ्रेमच्या मापाला आणलेलं भिंग तीन बारीक नख्यांवर ठेवतात आणि सुमारे ६४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दोन-तीन मिनिटं सरकवतात. किती वेळ ते भिंगाच्या जाडीवर आणि आकारावर ठरतं. काच मऊ पडण्याच्या उंबरठ्यावर येते, पण वितळू द्यायची नसते. मग ती बाहेर काढून लगेच दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात. बाहेरची कातडी आधी गार होऊन घट्ट बसते, आतला गाभा अजून गरम आणि सैल असतो. नंतर गाभाही गार होतो, आकसायला बघतो, पण बाहेरचा भाग आधीच घट्ट झाल्याने त्याला मनासारखं आकसता येत नाही. तो कातडीला आत ओढत राहतो. कातडी कायमची दाबाखाली आणि गाभा कायमचा ओढीखाली, अशी रस्सीखेच काचेत गोठून राहते. खिडकीच्या सपाट काचेला हीच क्रिया नीट केली तर ती साध्या काचेच्या सुमारे चौपट बळकट होते.

या रस्सीखेचीचं सर्वांत जुनं आणि सर्वांत उघड उदाहरण म्हणजे रूपर्टचे थेंब. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला मणी तयार होतो. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो आणि बारीक शेपटी मोडली की अख्खा मणी भुगा होतो. १६६१ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हे थेंब रॉयल सोसायटीकडे अभ्यासाला दिले होते. मण्याच्या आतली ओढ बाहेरच्या दाबाने तोलून धरलेली असते. शेपटी मोडली की चीर थेट त्या ओढीच्या भागात शिरते आणि मग तिला थांबवणारं काही उरत नाही.

माझ्या चाकाने नेमकं हेच केलं. फरशीवर पडलं तेव्हा भिंगाची दाबलेली कातडी शाबूत होती, तिने मार झेलला. चाकाने कडेची कातडीच खरवडून काढली. तेवढ्या फटीतून आतली ओढ मोकळी झाली आणि काच फुटली. अर्धा मिलिमीटर आमच्या मापाने किरकोळ असला तरी चष्म्याच्या पातळ भिंगात दाबलेला थर तेवढाही जाड नसतो. म्हणून उष्णतेने टफन केलेलं भिंग पुन्हा चाकाला लावायचं नाही, ना कडेने, ना पृष्ठभागावरून. हे मी शिकताना पाठ केलेलं होतं. पण इतक्या वर्षांत फायबरच हातात आल्याने, समोरचं काचेचं भिंग टफन असू शकतं हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. नुसतं पाठ असून भागत नाही, तपासणीची पायरी कामाच्या रांगेतच असावी लागते.

नवीन भिंगं करायची ठरली. काकांना काचच हवी होती आणि मलाही ती रास्त वाटत होती. प्रश्न उरला तो टफन कोणत्या पद्धतीने करायचं हा. मुंबईची एक लॅब अजून काचेची कामं घेते, तिच्याशी मी दोन दिवस बोलत होते.

दुसरी पद्धत रासायनिक. तिच्यात भिंग वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. हा क्षार ३३४ अंशांना वितळतो, कुंडाचं तापमान चारशेच्या वर असतं आणि भिंग त्यात साधारण सोळा तास राहतं. चष्म्याच्या काचेत सोडियम असतो. कुंडात पृष्ठभागाजवळचे सोडियमचे कण क्षारात निघून जातात आणि त्यांच्या जागी क्षारातले पोटॅशियमचे कण येऊन बसतात. पोटॅशियमचा कण सोडियमपेक्षा मोठा. दुकानातल्या मुलाला मी हे असं सांगितलं: एसटीच्या बाकड्यावर तिघं बसलेत, मधला बारकासा पोरगा उठून गेला आणि त्याच्या जागी एक धिप्पाड पाहुणे येऊन बसले. बाकडं तेवढंच, माणसं तीनच, पण आता सगळे एकमेकांना चेपून बसलेत. पृष्ठभागाची तीच गत होते. यात एक नाजूक गोष्ट आहे. कुंड फार गरम असून चालत नाही. काच सैल पडेल इतकी उष्णता दिली तर कण सरकून ऐसपैस बसतील आणि मिळवलेला दाब निघून जाईल. कमी उष्णतेत कण सावकाश आत शिरतात, म्हणून तर सोळा तास लागतात. भिंग कुंडात एकदम टाकायचंही नसतं. आधी हळूहळू तापवतात, बाहेर काढल्यावर हळूहळू निववतात, नाहीतर ते तडकतं. उन्हात काळं होणाऱ्या फोटोक्रोमॅटिक काचेचं कुंड वेगळं असतं, त्यात सोडियमचा क्षारही मिसळलेला असतो. त्या काचेत लिथियमचे आणखी बारके कण असतात, त्यांची अदलाबदल करायची असते.

दोन्हींत कुठली बरी? तीन मिनिटांत होते ती भट्टी स्वस्त आणि सोयीची. पण मऊ पडण्याच्या उंबरठ्यावर गेलेली काच कधीकधी किंचित वाकते, आणि काकांच्या मायनस नंबरात भिंग मध्यभागी आधीच पातळ. रासायनिक पद्धतीत काच मऊ पडतच नाही, म्हणून आकार आणि नंबर जसाच्या तसा राहतो आणि पृष्ठभागावरचा दाबही जास्त मिळतो. मात्र दाबलेला थर फार पातळ असतो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. खोल ओरखडा तो थर भेदून जाऊ शकतो, आणि गिरणीत ओरखड्यांना तोटा नाही. इथे मी बराच वेळ अडले होते. शेवटी रासायनिक पद्धतच निवडली आणि त्यात मोठा वाटा फुटलेल्या काचेचा होता. रासायनिक पद्धतीने टफन केलेलं भिंग उद्या दुसऱ्या कुणी चुकून चाकाला लावलं, तर ते उष्णतेच्या भिंगासारखं हातात फुटत नाही. घासलेल्या जागेची मजबुती जाते आणि ते पुन्हा कुंडात घालावं लागतं, पण बोटं शाबूत राहतात. काकांच्या चष्म्याचं पुढचं काम माझ्याच दुकानात होईल असं मी धरून चालू शकत नव्हते.

काम कोणत्या क्रमाने केलं तेही सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. लॅबकडून न कापलेली भिंगं मागवली ती मध्यभागी दोन मिलिमीटरहून थोडी जाड. फायबरच्या सवयीने पाहिलं तर ती जड वाटतात, पण पातळ काच टफन करून फारसा उपयोग नाही. दुकानात ती फ्रेमच्या मापाने कापली, व्ही आकाराची कड काढली आणि मग पुढच्या-मागच्या दोन्ही कडांवरची धार बारीक चाकावर मारून घेतली. कडेला सुईच्या टोकाएवढी चिप उडालेली राहिली तरी ती पुढे चिरेची सुरुवात ठरते, म्हणून कड नखाखाली फिरवून, मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिली आणि एका जागी पुन्हा घासली. भिंगं फ्रेममध्ये बसवली, रिमचा स्क्रू आवळून बघितला. काच रिममध्ये आवळून बसली तर तिथे वेगळा ताण येतो, तो नको. सगळं पटल्यावरच भिंगं काढून, प्रत्येकावर खूण करून लॅबला पाठवली. टफन ही शेवटची पायरी. तिच्यानंतर काचेला पुसण्यापलीकडे काहीही करायचं नाही.

लॅबने प्रत्येक भिंगावर गोळी टाकून पाहावी, असं मी कागदावर लिहून दिलं होतं. ही कसोटी अमेरिकेतून आली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९७२ पासून चष्म्याची आणि गॉगलची भिंगं आघात सोसणारी असलीच पाहिजेत असा नियम केला. सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची, जेमतेम १६ ग्रॅमची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटर उंचीवरून भिंगाच्या मध्यभागी टाकतात. फायबरच्या भिंगांतले नमुने तपासले तरी चालतात, काचेचं मात्र प्रत्येक भिंग तपासावं लागतं. यामागे कारण आहे. काचेची मजबुती तिच्या पृष्ठभागावर असते आणि प्रत्येक तुकड्याचा पृष्ठभाग वेगळा. एक टिकलं म्हणून शेजारचं टिकेलच असं नसतं.

पाच दिवसांनी भिंगं आली. नंबर यंत्रावर पुन्हा तपासला, दोन्ही बरोबर. मग सवयीने पोलॅरिस्कोपखाली धरली आणि दुकानातला मुलगा चपापला: पाकळ्या नाहीत, क्रूस नाही, नुसता अंधार. त्याला वाटलं लॅबने फसवलं. रासायनिक टफनचा ताण इतक्या पातळ थरात असतो की वरून पाहिलं तर उमटत नाही. त्यासाठी भिंग ग्लिसरीनच्या भांड्यात बुडवून कडेकडून पाहावं लागतं. तसं धरल्यावर कडेला एक बारीक उजळ पट्टी दिसली. याचा दुसरा अर्थही मी त्याला सांगितला: पाकळ्या दिसल्या तर काच टफन आहे हे नक्की, पण दिसल्या नाहीत म्हणून ती साधी आहे असं धरायचं नाही. काकांचं जुनं डावं भिंग मी त्यांना विचारून ठेवून घेतलं आहे. ते आता पोलॅरिस्कोपशेजारी डबीत असतं, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी ते दाखवते.

चष्मा द्यायच्या दिवशी एक गोष्ट बोलता बोलता निघाली आणि ती कळली नसती तर सगळं काम अर्धवट राहिलं असतं. गिरणीचे दगड टाकवायला, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करायला, काका कुणाला बोलवत नाहीत, स्वतःच टाकी-हातोडी घेऊन बसतात. टाकीच्या प्रत्येक घावाला दगडाची कपची उडते, आणि डोळ्यांवर असतो तो हाच चष्मा. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की टफन केली म्हणून काच न फुटणारी होत नाही. ती जास्त मार सोसते एवढंच, आणि फुटली तर काचेचे तुकडे डोळ्यापासून बोटभर अंतरावर असतात. टाकीच्या कामाला चष्म्यावरून घालायचा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे एका दणकट प्लास्टिकचा, गॉगल हवा. पॉलिकार्बोनेट मार बसला की फुटण्याऐवजी दबतं, वाकतं. ते लवकर चरे धरतं खरं, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तासभर घालायच्या वस्तूला चरे पडले तर पडू देत. काकांनी गॉगल घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "नातू हसंल." पण घेऊन गेले.

त्यांच्या कार्डावर आणि चष्म्याच्या डबीत आतल्या बाजूला मी चिठ्ठी चिकटवली आहे: "काच, रासायनिक टफन. चाकावर धरू नये." पुसायचा रिवाजही बदलायला सांगितला. आधी नळाखाली धरायचं म्हणजे कणी धुऊन जाते, मग मऊ कापड.

आठवड्यापूर्वी काका सैल झालेला स्क्रू आवळायला आले होते. ट्यूबलाइटखाली भिंग तिरकं धरून पाहिलं. उजवं स्वच्छ होतं, डाव्यावर कानाच्या बाजूला एक चरा होता, नखाला लागणारा. नखाला लागतो म्हणजे तो खोल आहे, आणि तेवढ्या जागी दाबाचा थर शिल्लक असेल असं मी धरत नाही. नजरेच्या आड येत नाही म्हणून काकांना तो दिसलाही नव्हता. मी डावं भिंग बदलायला सांगितलं. लग्नसराईत गिरणी दिवसभर सुरू असते, ती संपली की बघू, असं ते म्हणाले. तोवर टाकीला बसायचं नाही, बसलात तर गॉगलशिवाय नाही, एवढं कबूल करून घेतलं. डाव्या भिंगाची मागणी मी लॅबला त्याच संध्याकाळी लिहून टाकली.